शेल्टरमधलं वर्तनाचं काम: कुत्र्यांआधी माणसांची घडी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन वर्षं तुम्ही दर शनिवार-रविवार शेल्टरमध्ये, म्हणजे बेघर कुत्र्यांच्या निवाऱ्यात, कुत्री फिरवायला जाता, ट्रेनिंगचा एक कोर्स केला आहे, घाबरलेली कुत्री तुमच्याकडे चटकन येतात असं तिथली मंडळी म्हणतात. आता हातातली नोकरी सोडून शेल्टरमधला वर्तन-कार्यक्रम चालवण्याचं काम पूर्णवेळ करावं असं मनात आहे, आणि त्यासाठी कोणतं सर्टिफिकेट घ्यावं हे विचारताय. मी सोळा वर्षं या कामात आहे, त्यातली अकरा वर्तन-कार्यक्रमाची कोऑर्डिनेटर म्हणून. सर्टिफिकेटबद्दल पुढे सांगतेच. पण मला वाटतं, तुम्ही स्वतःला विचारायचा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. कुत्र्यांशी तुमचं जमतं, हे तुम्हाला कळलंय. तुम्ही तिथे नसताना इतर पंचवीस माणसांचं त्याच कुत्र्याशी जमावं, अशी व्यवस्था लावणं तुम्हाला जमेल का? आणि मुख्य म्हणजे, आवडेल का?

साधा हिशेब करून बघा. समजा शेल्टरमध्ये ८० कुत्री आहेत आणि तुमची ड्यूटी ८ तासांची. म्हणजे ४८० मिनिटं. जेवण, फोन, नोंदी, मीटिंग सगळं बाजूला ठेवून नुसती कुत्री हाताळली, तरी एकेकाच्या वाट्याला ६ मिनिटं येतात. उरलेले २३ तास ५४ मिनिटं ते कुत्रं जे शिकतं ते तुमच्या पाठीमागे शिकतं. पाण्याचा पाइप घेऊन येणाऱ्या माणसाकडून, शेजारच्या पिंजऱ्यातल्या कुत्र्याकडून, इंजेक्शन द्यायला येणाऱ्या डॉक्टरांकडून, सुट्टीच्या दिवशी जाळीत बोटं घालणाऱ्या पाहुण्यांकडून. तुम्ही कितीही चांगले ट्रेनर असलात तरी त्या ६ मिनिटांत या सगळ्याला पुरे पडणार नाही.

हे मला नीट उमगलं ते भुऱ्यामुळे. दोन-अडीच वर्षांचा नर, अंगाने भरलेला. त्याच्या पिंजऱ्यावरच्या कार्डावर लाल अक्षरात लिहिलं होतं: ‘आक्रमक. दोघांनी मिळूनच हाताळावं.’ एके दिवशी सकाळी सफाई सुरू व्हायच्या आधी मी वही घेऊन त्या ओळीच्या टोकाला बसले. भुऱ्या हनुवटी पंजांवर टेकवून पडला होता. सफाई करणाऱ्या मावशी आत आल्या, तेव्हा त्याने नुसती मान वर केली. त्यांनी बादली फरशीवरून ओढली, त्या आवाजासरशी तो उभा राहिला. सगळं वजन मागच्या पायांवर, ओठांचे कोपरे मागे खेचलेले, डोळ्यांचा पांढरा भाग दिसत होता. पाइपचं पाणी भिंतीवर आपटून त्याच्या अंगावर उडालं आणि तो जाळीवर धावून आला. मावशी दचकून मागे झाल्या, पाइप खाली गेला, पाणी थांबलं. त्या एका सफाईत हे तीनदा झालं. म्हणजे आपण धावून गेलो की पाणी बंद होतं, हे त्याला आम्हीच रोज सकाळी शिकवत होतो.

पिंजरा दोन भागांचा होता, मधलं सरकतं दार गंजून कायम उघडंच राहायचं. ते दुरुस्त करून घेतलं. सफाईआधी मागच्या भागात मूठभर खाऊ विखरून टाकायचा, तो तिकडे गेला की दार लावायचं, पुढचा भाग धुऊन कोरडा करायचा, मग अदलाबदल. शिवाय मावशींनी बादली हातात नसताना दिवसातून चार वेळा नुसतं त्याच्यासमोरून जायचं आणि जाता जाता एक तुकडा आत टाकायचा. तो भुंकत असला तरी टाकायचा. बारा-तेरा दिवसांत बादलीचा आवाज आला की भुऱ्या आपणहून मागच्या भागात जाऊन शेपूट हलवत उभा राहायला लागला. कार्डावरचा ‘आक्रमक’ शब्द काढून आम्ही लिहिलं: ‘पाइपच्या पाण्याला घाबरतो. सफाईआधी मागच्या भागात घ्या.’ हे सगळं केलं मावशींनी. मी काय केलं, तर चाळीस मिनिटं बघत बसले, त्यांच्याशी दहा मिनिटं बोलले, आणि एका पिंजऱ्यामागे वाढणारी चार मिनिटं मॅनेजरकडून मंजूर करून घेतली. वर्तन-कार्यक्रम म्हणतात तो हाच. यातली मंजुरी मिळवणं हा सगळ्यात अवघड भाग आहे, आणि तो कुठल्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते आधीच सांगते, म्हणजे माझं पुढचं म्हणणं तुम्ही तुमच्या ठिकाणाला लावून बघाल. दारात येणारं प्रत्येक जनावर घेणारं शेल्टर आणि निवडक कुत्री घेणारं शेल्टर यांचं काम पार वेगळं असतं. पहिल्या ठिकाणी कुत्रं किती दिवस राहील हे तुमच्या हातात नसतं, त्यामुळे ताण कमी करणं आणि पटकन योग्य घरी पाठवणं एवढंच साधतं. दुसऱ्या ठिकाणी महिनोन्‌महिने राहिलेली कुत्री असतात आणि खरं वर्तन-सुधारणेचं काम करायला वेळ मिळतो. भटक्या कुत्र्यांबद्दलचा कायदा जागोजागी वेगळा असतो. काही ठिकाणी नसबंदी करून मूळ जागी सोडतात, काही ठिकाणी ठरावीक दिवस मालकाची वाट बघून मग दत्तक देतात. आणि ‘बिहेविअर कोऑर्डिनेटर’ असं पद मुळात असतंच असं नाही. बऱ्याच ठिकाणी ते कुणीतरी करून दाखवल्यावर तयार होतं.

या क्षेत्रात काय बदललंय ते माहीत असणं गरजेचं आहे, कारण तुम्हाला अजूनही जुन्या पद्धतीने चालणारी माणसं भेटतील. मी सुरुवात केली तेव्हा सगळा भर चाचणीवर होता. कुत्रं आलं की एका खोलीत न्यायचं, ठरलेल्या क्रमाने डिवचून बघायचं, जेवताना काठीला लावलेला प्लास्टिकचा हात त्याच्या वाडग्यात घालायचा, आणि त्यावरून पास की नापास ठरवायचं. २०१६ मध्ये गॅरी पॅट्रोनेक आणि जेनिस ब्रॅडली या अभ्यासकांनी या चाचण्यांचं गणित मांडून दाखवलं की नापास ठरलेल्यांमध्ये प्रत्यक्षात धोकादायक नसलेली कुत्रीच जास्त निघण्याचा संभव असतो. त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच नाणेफेकीचा उल्लेख होता. त्याआधी २०१३ मध्ये एमी मार्डर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं होतं की शेल्टरमध्ये वाडग्यावरून गुरगुरलेल्या कुत्र्यांपैकी बरीच घरी गेल्यावर तसं करत नाहीत, आणि घरी तसं करणाऱ्या काहींनी शेल्टरमध्ये काहीच दाखवलेलं नसतं. हे वाचलं तेव्हा मला बरेच दिवस चैन पडलं नाही. त्या प्लास्टिकच्या हाताची काठी मी स्वतः कितीदा तरी धरली होती.

दुसरी गोष्ट वेळेची. शेल्टरमध्ये आलेल्या कुत्र्यांच्या रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, पहिल्या तीन दिवसांत खूप वाढलेलं असतं, हे मायकल हेनेसी यांच्या गटाने १९९७ मध्येच मोजून दाखवलं होतं. अशा अवस्थेत कुत्र्याचा स्वभाव ठरवायला जाणं म्हणजे दवाखान्याच्या दारात उभ्या असलेल्या माणसाचा स्वभाव ठरवण्यासारखं आहे. म्हणून आमच्याकडे आता एकच एक चाचणी नाही. आधीच्या मालकाने सांगितलेलं, डॉक्टरांच्या टेबलावर दिसलेलं, सफाईच्या वेळचं, फिरायला नेणाऱ्याने पाहिलेलं, इतर कुत्र्यांसोबत मोकळं सोडल्यावरचं, असं सगळं एकाच कागदावर तारखेनिशी येतं. कागदावर शब्द कोणते यावेत, यावर मी फार कडक आहे. ‘हट्टी’, ‘डॉमिनंट’, ‘आक्रमक’, ‘गोड’ हे शब्द चालत नाहीत. काय घडत होतं, कुत्र्याने अंगाने काय केलं, आणि त्यानंतर काय झालं, एवढंच लिहायचं. नव्या स्वयंसेवकाला पट्टा कसा धरायचा हे शिकवायला अर्धा तास पुरतो. अशी नोंद लिहायला शिकवायला दोन महिने लागतात.

रोजच्या कार्यक्रमात नेमकं काय असतं, असंही तुम्ही विचारलं आहे. सगळं इथे मावणार नाही, पण ज्याने मला सगळ्यात जास्त फळ दिलं ते सांगते. आधी आवाज. भुंकण्याचा गोंगाट बंदिस्त केनेलमध्ये, म्हणजे पिंजऱ्यांच्या इमारतीत, १०० डेसिबलच्या वर जातो, हे मोजलेलं आहे. इतक्या आवाजात ना कुत्र्याला झोप लागते, ना भेटायला आलेलं कुटुंब पाच मिनिटं थांबतं. यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे प्रत्येक ओळीच्या टोकाला खाऊचा डबा टांगायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने प्रत्येक पिंजऱ्यात एकेक तुकडा टाकत जायचं. कुत्रं गप्प बसलं तरच द्यायचं, अशी अट मी आधी घालत असे. अलेक्झांड्रा प्रोटोपोपोव्हा आणि क्लाइव्ह विन यांच्या प्रयोगात अट न घालता दिलेल्या खाऊनेही पिंजऱ्यातलं नकोसं वागणं कमी झालेलं दिसलं, तेव्हा मी ती अट काढून टाकली. अट निघाल्यावर पाहुणा, रंगारी, लेखापाल, कुणीही ते करू शकतो, आणि म्हणूनच ते रोज होतं.

मग शेल्टरबाहेरची रात्र. कुत्र्याला एक-दोन रात्री कुणाच्या घरी झोपायला पाठवलं तर काय होतं, याचा २०१९ चा लिसा गुंटर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आहे, पाच शेल्टरमधल्या २०७ कुत्र्यांवरचा. घरी असताना कॉर्टिसॉल उतरतं आणि सलग विश्रांती वाढते. परत आणल्यावर कॉर्टिसॉल पुन्हा मूळ पातळीवर जातं, पण सुट्टीआधी होतं त्याच्या वर चढत नाही. ‘परत आणून पिंजऱ्यात टाकणं जास्त क्रूर नाही का?’ असं स्वयंसेवक मला नेहमी विचारायचे. आता मी त्यांना हे सांगू शकते. आणि एका रात्रीत घराबद्दलची जी माहिती मिळते, म्हणजे जिना चढतो का, एकटा राहतो का, कचऱ्याचा डबा उलथतो का, ती शेल्टरमध्ये वर्षभर बघूनही मिळत नाही.

दत्तक घ्यायला आलेल्यांशी भेट हाही तुमचाच विषय, तो दत्तक समुपदेशकावर सोडून देऊ नका. प्रोटोपोपोव्हा आणि विन यांच्याच २०१४ च्या अभ्यासात दिसलं की भेटीत कुत्रं माणसाजवळ आडवं पडलं तर ते घरी जाण्याची शक्यता वाढते, आणि माणसाने खेळायला बोलावल्यावर दुर्लक्ष केलं तर कमी होते. म्हणून आम्ही भेटीआधी कुत्र्याला मोकळ्या जागेत हुंगायला, पळायला, शी-शू करायला नेतो, भेटीची जागा लहान ठेवतो, आणि त्याला आवडणारं एकच खेळणं तिथे ठेवतो. बैस, पंजा दे, हे शिकवण्यावर पूर्वी आम्ही जे तास घालवायचो ते आता इकडे वळवले आहेत.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण ‘कोऑर्डिनेटर’ या शब्दाचा अर्थ तिच्यात आहे. मी तेव्हा ज्या शेल्टरमध्ये होते तिथे एक मध्यम वयाची मादी होती. झोपेत कुणी हात लावला तर दचकून तोंड मारायची. दात लागायचे नाहीत, पण मारायची. हे मी तीन वेळा पाहिलं होतं आणि माझ्या वहीत लिहून ठेवलं होतं. माझ्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ती दत्तक गेली. वही माझ्या कपाटात. चौथ्या दिवशी त्या घरातल्या मुलाच्या गालाला तीन टाके पडले. झोपली असताना हात लावू नका, तिची झोपायची जागा वाटेपासून दूर ठेवा, आधी हाक मारा, एवढी तीन वाक्यं त्या कुटुंबाच्या हातात असती तर ते टळलं असतं, किंवा ते कुटुंब दुसरं कुत्रं घेऊन गेलं असतं. मी त्यांच्या घरी जाऊन हे सांगितलं. तेव्हापासून माझी वेगळी वही नाही. जे दिसलं ते त्याच दिवशी कुत्र्याच्या कागदावर, आणि कागदाची प्रत घेतल्याशिवाय कुत्रं दाराबाहेर जात नाही. वर्तनाची माहिती एकट्याच्या डोक्यात असेल तर ती नसल्यासारखीच आहे.

यालाच जोडून एक जड विषय. काही कुत्री कुणालाही सुरक्षितपणे देता येत नाहीत, आणि कधी कधी दयामरणाच्या निर्णयात तुमचं मत विचारलं जातं. हे काम पत्करताना ही गोष्ट डोळ्यांआड करू नका. चाव्याच्या तीव्रतेबद्दल बोलताना सगळ्यांनी एकच भाषा वापरावी म्हणून आम्ही पशुवैद्य इयन डनबार यांची सहा पायऱ्यांची मोजपट्टी वापरतो. पहिलीत दात लागत नाहीत, तिसरीत एकाच चाव्याच्या एक ते चार खोल नसलेल्या जखमा, सहावीत मृत्यू. पण पायरीपेक्षा परिस्थिती महत्त्वाची. वेदना होती का? टाळता येण्यासारखं होतं का? आधी इशारा दिला होता का? डॉक्टरांनी तपासलं का? दुखणारा कान किंवा सांधा बरा झाल्यावर ‘स्वभाव’ बदललेली कुत्री मी पाहिली आहेत, आणि ट्रॅझोडोन किंवा गाबापेंटिनसारखं औषध डॉक्टरांनी वेळेवर सुरू केल्यावर पहिल्यांदा शांत झोपलेलीही. निर्णय मात्र एकट्याने कधीच घ्यायचा नाही. आमच्याकडे डॉक्टर, मॅनेजर, त्या कुत्र्याला रोज हाताळणारा एक माणूस आणि मी, असे चौघे बसतो, कारणं लिहितो आणि सही करतो. ज्याला त्या कुत्र्याचा लळा आहे त्याला निर्णय आधी, समोर बसून सांगतो. नोटीस बोर्डावरून कळलेलं माणूस पुन्हा कामावर येत नाही, आणि त्यात त्याची चूकही नसते.

आता सर्टिफिकेट. ‘सीपीडीटी-केए’ हे कुत्र्यांच्या ट्रेनरसाठीचं प्रमाणपत्र अनेक देशांत ओळखलं जातं. त्याच्या परीक्षेला बसण्याआधी गेल्या तीन वर्षांत किमान ३०० तास ट्रेनिंगचा अनुभव लागतो. शेल्टरमधल्या कामाकडे खास लक्ष देणारी संघटना म्हणजे ‘आयएएबीसी’ (प्राणी-वर्तन सल्लागारांची आंतरराष्ट्रीय संघटना), तिचे शेल्टर-वर्तनावरचे कोर्स उपयोगी आहेत. याखेरीज शेल्टरमधल्या पशुवैद्यांच्या संघटनेने २०१० मध्ये काढलेली आणि २०२२ मध्ये सुधारलेली प्राणी-निगेची मार्गदर्शक तत्त्वं पूर्ण वाचा. मॅनेजरसमोर काही मागायला जाताना ती हाताशी असली की ‘मला वाटतं’ असं म्हणावं लागत नाही. नोकरी देताना मी स्वतः प्रमाणपत्र बघते, पण ते तिसऱ्या क्रमांकावर. आधी विचारते की तुम्ही लिहिलेली एक नोंद दाखवा. मग विचारते की एखाद्या न ऐकणाऱ्या सहकाऱ्याला तुम्ही काय आणि कसं शिकवलंत. शिक्षेच्या साधनांशिवाय काम करता येणं ही तर अटच आहे. शॉक कॉलर किंवा टोचणारा पट्टा वापरून घाबरलेल्या कुत्र्याला गप्प केलं, तर त्याचा गुरगुरण्याचा इशारा जातो आणि भीती आत तशीच राहते. असं कुत्रं कुणाच्या घरी पाठवायची माझी हिंमत नाही.

नोकरी लगेच सोडू नका. तुमचं आता ज्या शेल्टरमध्ये जाणं आहे तिथेच एक ओळ मागून घ्या, दहा-बारा पिंजऱ्यांची. तीन महिने त्या ओळीपुरतं एकच काम नीट करा आणि आकडे ठेवा: रोज किती कुत्री पिंजऱ्याबाहेर आली, दत्तक जायला किती दिवस लागले, परत किती आली आणि कशामुळे. सुरुवातीचे आकडे काम चालू करायच्या आधीच घ्या, नाहीतर तुलना कशाशी करणार? मी मॅनेजरसमोर ठेवलेला पहिला कागद असाच होता, एका पानाचा. पुढे माझं पद तयार झालं ते त्या पानामुळे. थेट पद मिळालं नाही तर केनेलमधली मदतनीस, दत्तक समुपदेशक किंवा स्वयंसेवक समन्वयक म्हणून आत शिरा. यातली शेवटची जागा मला सगळ्यात चांगली वाटते, कारण माणसं जोडायची, टिकवायची आणि प्रसंगी थांबवायची सवय तिथेच लागते. सफाईच्या कामाला कमी लेखू नका. मी सुरुवातीचं दीड वर्ष तेच केलं, आणि कोणती सूचना माणूस पाळू शकतो व कोणती नाही हे मला तिथे कळलं.

पगाराबद्दल तुम्ही सरळ विचारलंत, म्हणून सरळ सांगते. या कामाचा पगार कमीच असतो, आणि खासगी ट्रेनरइतकी कमाई यात होत नाही. माझ्यासारखे बरेच जण आठवड्यातून दोन संध्याकाळी बाहेरचे क्लास किंवा सल्ल्याचं काम घेतात. तसं करायचं असेल तर शेल्टरशी आधी लेखी ठरवा की तिथून दत्तक गेलेल्या कुत्र्यांसाठी फी घेणार नाही. नाहीतर उद्या कुणी म्हणेल की कुत्रं अर्धवट शिकवून घरी पाठवलं, म्हणजे गिऱ्हाईक तयार झालं. घरात तुमच्या पगारावर किती जण अवलंबून आहेत हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यावर पुष्कळ ठरतं, ते घरच्यांशी बसून बोला.

येत्या शनिवारी कुत्री फिरवायला नेऊ नका. सफाईआधी अर्धा तास पोचा, सगळ्यात ‘अवघड’ समजल्या जाणाऱ्या कुत्र्याच्या पिंजऱ्यापासून थोडं लांब बसा आणि तासभर फक्त लिहा: कोण आलं, त्याच्या हातात काय होतं, कुत्र्याने काय केलं, मग काय झालं. नंतर सफाई करणाऱ्या माणसाजवळ जाऊन विचारा, याच्याबद्दल तुम्हाला काय काय माहीत आहे? त्याचं उत्तरही त्याच पानावर उतरवा. ते पान मला पाठवलंत, तर पुढे कुठून सुरू करायचं ते त्यावरून बोलू.